उघड्या दाराची खोली

पुण्याहून दौंडची गाडी पकडून भुलेश्वरला गेलेले तुमच्यात बरेच जण असतील. यवतला उतरायचं आणि मिळेल त्या वाहनाने डोंगर गाठायचा, हा ठरलेला कार्यक्रम. पुढच्या वेळी यवतला न उतरता दोन स्टेशनं पुढे जा. केडगाव लागेल. सव्वाशे वर्षांपूर्वी या स्टेशनवर मुलींचे जथेच्या जथे उतरत होते. दुष्काळातून उचलून आणलेल्या, हाडांची काडं झालेल्या, काही इतक्या लहान की त्यांना स्वतःचं गावही सांगता येत नव्हतं. त्यांना घेऊन येणारी बाई पांढऱ्या सुती साडीत असायची. केस बारीक कापलेले, बांधा ठेंगणा, ऐकू फारच कमी येणारं. पंडिता रमाबाई.

नाव माहितीये तुम्हाला. शाळेच्या पुस्तकात शारदा सदन, मुक्ती मिशन, दोन मार्क, संपलं. (पेपरात पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे यांची अदलाबदल केलेली मंडळीही कमी नाहीत. दोघी वेगळ्या. रानड्यांच्या रमाबाई या रमाबाईंच्या सभेला जायच्या, एवढं लक्षात ठेवलं तरी गोंधळ होणार नाही.) पण या बाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मरेपर्यंत त्या तिथेच ठाम राहिल्या, हा भाग आला की आपण जरा घसा खाकरतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आज वळायचं नाही.

ख्रिस्ती लोकांमध्ये 'आत्मिक युद्ध' असा एक शब्द आहे. पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात विश्वास ठेवणाऱ्या माणसाला रोमन शिपायाचा सगळा साज चढवलाय. कमरपट्टा, छातीवरचं चिलखत, ढाल, शिरस्त्राण, तलवार. ऐकायला अगदी सिनेमातल्यासारखं वाटतं. पण ते रूपक नीट बघितलं तर गंमत कळते. या शिपायाने चाल करून जावं, कुणाचा मुलूख जिंकावा, अशी अपेक्षाच नाहीये. त्याने आपली जागा सोडू नये, उभं राहावं, इतकंच. आणि शत्रू म्हणजे समोरचा माणूस नव्हे, असंही तिथे बजावलेलं आहे. रमाबाईंच्या बाबतीत हे फार खरं ठरलं. त्यांच्यासमोर उभी राहिलेली माणसं बहुतेक चांगली होती, काही तर त्यांच्यावर जीव लावणारी. चांगल्या माणसांसमोर ठाम राहणं किती कठीण असतं, ते तुम्हाला सांगायला नको. घरी आईबाबांना नाही म्हणताना तुमचं काय होतं ते आठवा.

सुरुवात पहिल्यापासून करू. रमाचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. त्यांचा एक गुन्हा होता. बायकोला संस्कृत शिकवलं. विद्यार्थिदशेत त्यांनी आपल्या गुरूंना पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसलं होतं. गावकी चिडली, धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांतूनच आधार काढून दाखवले आणि मग शांतपणे रानात घर बांधलं. रमाला शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी. पोरगी जेमतेम सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. रमाला वेताच्या पेटीत घालून एका माणसाच्या डोक्यावर दिलं आणि मंडळी डोंगर उतरली. पुढची कितीतरी वर्षं हे कुटुंब चालतच होतं. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर भागवायचं, पुढचं तीर्थ गाठायचं. भागवत तिला तोंडपाठ झालं ते असं, रस्त्यावर.

मग दुष्काळ आला. मजुरी करणं माहीत नाही, भीक मागायची सवय नाही. होतं नव्हतं ते विकलं, दानधर्म केला, उपास केले, व्रतं केली, देव मात्र प्रसन्न झाला नाही. १८७४ मध्ये वडील गेले. काही आठवड्यांत आई, नंतर थोरली बहीण. आईच्या वेळी खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन माणसं तयार झाली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासचा, चौथी रमा. उंची पुरेना, म्हणून तिने तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं आणि तसंच मैलोन् मैल स्मशानापर्यंत नेलं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. अकरावीतलं वय.

उरलेली दोघं चालत राहिली. काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडीत अंगावर घालायला काही नव्हतं, म्हणून वाळूत खड्डे खणून त्यात झोपली आणि वरून वाळू ओढून घेतली. या चालण्यात त्यांचा जुन्या देवाधर्मावरचा विश्वास झिजत झिजत संपला. म्हणजे रमाने जुना धर्म सोडला तो कुणा मिशनऱ्याच्या नादाने नव्हे. मिशनरी भेटण्याच्या आधीच ती रिकामी झाली होती. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि नंतर भांडणाऱ्या दोन्ही बाजू तो विसरल्या.

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली आणि चक्रच फिरलं. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, म्हणून तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा इथून पुढे आपणही त्यांना अहोजाहो करू. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेद ठेवला. बाईने वेद वाचायचा नाही, असं तोवर त्या मानत आल्या होत्या. याच शहरात त्या पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांच्या मेळाव्याला गेल्या. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटताहेत हे पाहून त्यांचा समज झाला की ही मंडळी खुर्च्यांची पूजा करतात! तिथे भेट मिळालेलं संस्कृत बायबल त्यांनी चाळलं. काही कळलं नाही. ठेवून दिलं.

१८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आजही अशा लग्नाला घरात काय होतं ते तुम्ही बघता. तेव्हाचा विचार करा. संसार सिल्चरला, जेमतेम दीड वर्षाचा. मुलगी झाली मनोरमा. ती वर्षाचीही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. त्या घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं आणि त्या ते आवडीने वाचत होत्या. मिशनच्या शाळेत शिकलेल्या नवऱ्याला मात्र बायकोने ख्रिस्ती होणं पसंत नव्हतं.

मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या. पुण्याने त्यांना डोक्यावर घेतलं. आपली चित्पावनाची लेक, संस्कृत पंडिता, बायकांच्या शिक्षणावर बोलणारी! १८८२मध्ये आर्य महिला समाज निघाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघालं, हंटर कमिशनपुढे साक्ष झाली. आपल्याकडे बायकांना बाई डॉक्टर हवी, मुलींना बाई शिक्षक हवी, असं त्यांनी तिथे मांडलं. स्वतःच डॉक्टर व्हावं असं मनात होतं. पंच हौद मिशनमध्ये वाँटेज मठाच्या जोगिणी होत्या, त्यांच्या ओळखीने विलायतेला जायचं ठरलं. तिकिटाचे पैसे पुस्तकाच्या विक्रीतून आले. धर्म बदलणार नाही, असं सांगून १८८३मध्ये त्या बोटीवर चढल्या.

आणि सहा महिन्यांत, २९ सप्टेंबर १८८३ला, वाँटेजला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

का? एक कारण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मठाच्या जोगिणी लंडनमधल्या फुलहॅमला एक आश्रम चालवत. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथे राहायच्या, शिकायच्या, आणि मग स्वतःच दुसऱ्यांच्या सेवेला लागायच्या. रमाबाईंनी आयुष्यभर धर्मग्रंथ वाचले होते, पण अशा बाईला पुन्हा उभं करणारा धर्म त्यांनी पाहिला नव्हता. हे कुठून येतं, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली, ख्रिस्ताने जिला हाकललं नाही तिची. तिथे काहीतरी हललं. शिवाय नीळकंठशास्त्री गोरे, जे स्वतः चित्पावन आणि ख्रिस्ती झालेले मोठे पंडित, त्यांच्या पत्रांनी बुद्धीची बाजू सांभाळली.

पण याच महिन्यांत आणखी एक गोष्ट घडली आणि ती गाळून पुढे जाणं बरोबर नाही. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण विलायतेला गेली होती. आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करतील, या भीतीने तिचं मन बिघडलं. एका रात्री तिने रमाबाईंचा गळा दाबण्याचा प्रयत्न केला, आणि नंतर स्वतःचा जीव घेतला. त्यानंतर फार दिवस न जाता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. परका देश, मांडीवर दोन वर्षांची पोर, सोबतीण अशी गेलेली. अशा मनःस्थितीत घेतलेला निर्णय खरा असतो का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझ्याही आला होता. उत्तर पुढच्या अडतीस वर्षांत शोधावं लागतं, कारण बाप्तिस्मा ही इथे लढाईची सुरुवात होती.

पुण्यात वादळ उठलं. कालपर्यंत डोक्यावर घेतलेली बाई आज घरभेदी ठरली. त्या गदारोळात बाजू घेणारा एक आवाज होता जोतीराव फुल्यांचा; १८८५च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली. पण मला खरी रंगतदार वाटते ती दुसरी आघाडी. विलायतेतली. तुम्ही म्हणाल, तिथे कसली लढाई? धर्म घेतला, आता सगळे आपलेच. नाही हो.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांचं रमाबाईंवर आणि मनोरमेवर मनापासून प्रेम होतं, आणि आपल्या या हुशार लेकीने चर्च सांगेल ते निमूट मानावं अशी अपेक्षाही. रमाबाई निमूट मानणाऱ्यांतल्या असत्या, तर पुण्यातच राहिल्या असत्या की! त्रैक्याचं तत्त्व त्यांना पटेना, तर त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. अथनेशियसचा विश्वासपत्रक म्हणायचा, तर आधी तो बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा. मांस खाणार नाही. अंड्याचं पुडिंगसुद्धा नको. सिस्टरना हा जातीचा ताठा वाटला. रमाबाईंना ती आपली सवय आणि आपला मामला वाटला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. त्यांनी विचारलं की जी भाषा मला येत नाही ती संस्कृतपेक्षा पवित्र कशी? तिथे संस्कृत का नको? चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या आणि स्वतः शिकतही होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची वेळ येईल म्हटल्यावर मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात बाईचं नाव खराब होईल. रमाबाई भडकल्या. आमच्या देशातल्या रीती बिशपसाहेबांपेक्षा मला जास्त ठाऊक, असा त्यांचा सूर होता. कॉलेजच्या मुख्य बाई डोरोथिया बील यांना मात्र त्या समजल्या. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे, एवढं ओळखण्याइतक्या त्या शिक्षिका होत्या.

हा सगळा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीननी जपून ठेवला आणि १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो छापला. कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर काढून बघाच. दोन बायका एकमेकींवर प्रेम करतात, एकमेकींसाठी रडतात आणि तसूभर मागे हटत नाहीत. मनोरमेला कुठल्या पंथाची शिकवण द्यायची यावर तर कितीतरी पानं आहेत. रमाबाईंचं म्हणणं थोडक्यात असं की एका पुरोहितशाहीचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलंय, ते दुसऱ्या नावाने पुन्हा मानेवर घेणार नाही. ख्रिस्तावर माझा विश्वास आहे, आणि सदसद्विवेकबुद्धी मला देवाने दिलेली आहे, ती मी कुणाच्या हवाली करणार नाही. त्यांचं ठाम राहणं हे असं होतं. त्या प्रश्न विचारत उभ्या होत्या.

डॉक्टर होणं मात्र बहिरेपणाने बुडवलं. १८८६मध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं रमल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते खपलं, व्याख्यानं गाजली. डिसेंबर १८८७मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षं विधवांच्या शाळेचा खर्च उचलायचं कबूल केलं. अट एक: शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींच्या चालीरीतींत हात घालायचा नाही.

११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या मुलींत होती गोदूबाई, बालविधवा. पुढे १८९३मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते. मुलींना आपापली पूजाअर्चा करायची मोकळीक होती. सगळं ठीक चाललं होतं, फक्त रमाबाईंचं आतून ठीक नव्हतं.

हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिलंय. ख्रिस्ती धर्म तर मिळाला होता, त्याची तत्त्वं, त्याची उपासना, त्याचे वाद. पण ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो ख्रिस्त काही मिळाला नव्हता. आठ वर्षं त्या जगाशी भांडून जागा राखत होत्या आणि त्या जागेवर पोकळीच होती म्हणा ना. १८९१च्या सुमारास, बायबल पुन्हा पुन्हा वाचताना, ती पोकळी भरली असं त्या सांगतात. नेमकं काय झालं हे बाहेरून सांगणं अवघड. पण त्यानंतरच्या रमाबाई वेगळ्या दिसतात हे खरं. आधीची धार तशीच, पण आता त्यांना जिंकायची घाई राहिली नाही. आनंद असतो चेहऱ्यावर. आणि तो आनंदच पुण्याला खुपला.

झालं असं. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं. मुली यायच्या, बसायच्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. हळूहळू संख्या वाढली. काहींना बाप्तिस्मा घ्यावासा वाटू लागला. 'केसरी'ने तोफ डागली. हितचिंतकांनी समजावलं की निदान दार तरी लावून घ्या. एवढंच. दार लावा, शाळा वाचेल, देणग्या वाचतील, रानड्यांसारखी माणसं सोबत राहतील.

त्यांनी दार लावलं नाही. हिंदू मुली सदनात मोकळेपणाने पूजा करतात, तर मी माझ्या खोलीत लपून प्रार्थना का करू, हा त्यांचा मुद्दा. ऑगस्ट १८९३मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

इथे जरा थांबू या. विरोधकांना सरळ खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ज्या बापाने गावाशी भांडून विधवा मुलीला शाळेत धाडलं, ती धर्मशिक्षण नसलेली शाळा आहे या भरवशावर, त्याला फसवल्यासारखं वाटलं तर त्यात चूक काय? मुली लहान होत्या. ज्या बाईंनी त्यांना भिंतीआडून बाहेर काढलं, त्या बाईंचा देवच आपला देव असं त्यांना वाटणं अगदी स्वाभाविक, आणि म्हणूनच जबाबदारीचं. रानड्यांसारखा सौम्य माणूस उगाच बाजूला होत नाही. मला स्वतःला वाटतं, अक्षराने रमाबाईंनी वचन पाळलं, भावार्थाने ते ताणलं गेलं. पण दुसरी बाजूही बघा. दार लावणं म्हणजे आपला विश्वास ही लाजेची गोष्ट आहे असं रोज पहाटे मुलींना दाखवणं. ते त्या करू शकत नव्हत्या. किंमत काय पडेल याचा हिशेब त्यांना येत नव्हता असं नाही, तो त्यांनी डोळ्यांदेखत चुकता केला. पुढे वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं झोड उठली, पण शाळा काही बंद पडली नाही.

१८९६-९७चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला, तेव्हा त्यांना आपली झेलमची वाळू आठवली असणारच. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका वाचवून आणल्या. पुण्यात प्लेग, सरकार म्हणालं, नव्या माणसांना शहरात ठेवायचं नाही. फळबागेसाठी घेऊन ठेवलेली केडगावची जमीन होती. तिथे आधी तंबू, मग शेड, मग दगडी इमारती. नाव मुक्ती. १८९८मध्ये अमेरिकेशी झालेला दहा वर्षांचा करार संपला आणि ती जुनी अटही. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. दाराचा वाद तिथे मिटला म्हणायचा. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि केडगावच्या माळावर सुमारे दोन हजार माणसांचं गाव वसलं. शेती, गोठा, तेलघाणा, हातमाग, छापखाना, सगळं बायका चालवत. अंध मुलींसाठी ब्रेलचे वर्ग. ते मनोरमा अमेरिकेत शिकून आली होती. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. फुलहॅमला जे पाहिलं होतं ते सतरा-अठरा वर्षांनी माळरानात उभं राहिलं.

१९०५च्या जूनमध्ये मुक्तीत एक विलक्षण लाट आली. मुलींचे गट रोज प्रार्थनेला जमत होतेच. एका रात्री एका मुलीला आपल्या अंगावर आग उतरल्यासारखा अनुभव आला आणि मग शेकडो मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत, आपली पापं सांगत रात्र-रात्र बसू लागल्या. शिस्तीतल्या उपासनेची सवय असलेल्या गोऱ्या पाहुण्यांना हा आरडाओरडा झेपेना. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. आपल्या देशातली माणसं दुःखात मोठ्याने रडतात आणि आनंदात मोठ्याने गातात, देवापुढे त्यांनी परक्यांसारखं का वागावं, असं त्यांना वाटलं. वाँटेजच्या लॅटिन क्रुसाचा वादच हा, वीस वर्षांनी दुसऱ्या रूपात. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांनी या घटनेवर पुस्तिका लिहिली, ती पार दक्षिण अमेरिकेत चिलीला पोचली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने बळ दिलं. केडगावचं नाव तिकडच्या चर्चच्या इतिहासात आहे, आपल्याला मात्र स्टेशनही माहीत नाही!

शेवटची पंधराएक वर्षं रमाबाई एका टेबलापाशी होत्या. हातात बायबलचं मराठी भाषांतर होतं. उपलब्ध भाषांतर त्यांना फार पंडिती वाटायचं. केडगावच्या विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईला ते कळायला हवं होतं. संस्कृतात पदव्या मिळवलेल्या बाईने संस्कृत शब्द निवडून निवडून बाजूला काढायचे, यातला त्याग भाषा शिकणाऱ्यांना कळेल. इंग्रजीवरून करणं सोपं होतं. त्यांनी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक भाषा हाती घेतल्या आणि मुळातून काम केलं. ऐकू येत नव्हतं, त्यामुळे गोंगाटाचा त्रास नव्हता, एवढाच काय तो फायदा.

जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. वेताच्या पेटीतून प्रवास सुरू केलेल्या या बाईच्या रक्ताचं म्हणावं असं आता कुणीच उरलं नव्हतं. मुक्तीची जबाबदारी जिच्यावर सोपवायची तीच गेली होती. बाईंनी प्रूफं पुढे ओढली. पुढचे आठ-नऊ महिने त्या तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२च्या पहाटे झोपेतच गेल्या.

बायबल १९२४मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पानं छापणाऱ्या, शिवणाऱ्या बायकांत दुष्काळाच्या गाडीतून केडगावला उतरलेल्याही होत्या. उतरल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती.